ट्यूबवरची लाल रेघ

एखाद्या क्रीमने आठवड्याभरात चेहरा उजळला, पुटकुळ्या बसल्या, गाल मऊ झाले की ते ‘सूट झालं’ असं बायका आनंदाने सांगतात. लगेच नणंदेला, जावेला, शेजारणीला तेच क्रीम सुचवलं जातं. मी बार्शीत पार्लर चालवते, रोज चेहरे जवळून बघते, आणि माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. इतक्या झटपट फरक पडला, तर ती ट्यूब उलटी करा आणि त्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा.

मागच्या लग्नसराईत वैरागकडची एक मुलगी मेकअपच्या ट्रायलसाठी आली होती. गालांवर लाली होती, पण ती तजेल्याची नव्हती. खिडकीपाशी बसवून पाहिलं, तर कातडी पातळ झालेली, तिच्याखालून दोऱ्यासारख्या लाल शिरा दिसणाऱ्या, कानशिलापासून हनुवटीपर्यंत बारीक लव वाढलेली. क्लीन्झिंग मिल्कचं बोट लावलं तशी ती दचकली, “ताई, आग होतीय.” मी लगेच पुसून घेतलं, गार पाण्यात भिजवलेला कापूस ठेवला आणि विचारलं, “रोज काय लावतेस?” तिने पर्समधून ट्यूब काढली. लग्न ठरल्यापासून ती रोज रात्री चेहराभर लावत होती. मावशीने आणून दिली होती, आणि मावशीला तिच्या जावेने सांगितली होती. ट्यूबच्या एका कडेला वरपासून खालपर्यंत लाल रेघ, कोपऱ्यात ‘आरएक्स’ची खूण, आणि मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत तीन नावं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन.

हे औषध वाईट नाही. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९७५ मध्ये याच जातीच्या तीन घटकांचं मिश्रण मांडलं, आणि वांगावर आजही डॉक्टर ते देतात. पण देतात ते ठरावीक आठवड्यांसाठी, रात्री, फक्त डागावर, आणि मध्ये बोलावून तपासतात. त्यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. ते त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसवतं, सूज दाबतं, रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. म्हणून पहिल्या काही दिवसांत चेहरा उजळ, गुळगुळीत दिसतो आणि मुलगी खूश होते. पुढे तेच औषध कातडी पातळ करतं, लव वाढवतं, पुटकुळ्या आणतं. लावणं थांबवलं की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो. म्हणून बाई घाबरून पुन्हा तीच ट्यूब आणते. त्वचारोगतज्ज्ञांकडे याला ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाचं स्वतंत्र नाव आहे, इतके हे रुग्ण वाढलेत. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं, तर जो डाग घालवायचा होता त्याच जागी निळसर काळपट डाग उमटू शकतो, आणि तो काढणं फार अवघड असतं.

त्या मुलीला मी ट्रायल दिली नाही. सोलापूरच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. असं क्रीम एकदम बंद करायचं की टप्प्याटप्प्याने, हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं, पार्लरवालीने नाही. लग्नात तिचा बेस अगदी पातळ ठेवला, डोळे आणि ओठ नीट रंगवले, आणि ती सुंदर दिसली. चेहरा शांत व्हायला मात्र त्यानंतरही बरेच महिने लागले.

आता माझा राग कुठे आहे ते सांगते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइड असलेल्या १४ मलमांना ‘शेड्यूल एच’मध्ये आणलं. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. ट्यूबवरची लाल रेघही हेच सांगते. मावशीला कुणी चिठ्ठी विचारली नाही. माझ्याकडे अशा ट्यूबा घेऊन येणाऱ्या बहुतेकींना कधीच कुणी विचारलेली नसते. काउंटरवरचा मुलगा “ताई, हे लई चालतंय” म्हणत पुढे करतो. औषध विकायचा परवाना भिंतीवर लावायचा आणि चिठ्ठी मागायची नाही, हा माझ्या लेखी गुन्हा आहे. आमच्या धंद्यातही काही जणी असंच मलम साध्या क्रीममध्ये कालवतात आणि बिनलेबलच्या डबीत ‘फॉर्म्युला क्रीम’ म्हणून देतात. गिऱ्हाईक त्या डबीसाठी परत येतं, हे मला माहीत आहे. तरीही पार्लरवाल्या बाईने असली डबी हातात देणं मला अक्षम्य वाटतं. समोरची बाई डोळे मिटून आपल्या हाती चेहरा देते, ती विश्वासाने देते.

बिनलेबलच्या डबीत याहून वाईटही असू शकतं. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या १५ जणांच्या विकाराचा प्रकार सहसा न आढळणारा होता, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम लावत होते. संशय पाऱ्यावर होता. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही आणि कातडीतून शरीरात उतरतो. आपल्याकडे अकोल्याच्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना अशाच क्रीममुळे इजा झाल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. तेव्हा डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नसेल, तर ती घरात आणू नये. कुणी परदेशातून भेट म्हणून आणली, तरी हाच नियम.

पण एवढं होऊनही बायका हे का लावतात? कारण आपल्याकडे ‘सूट होणं’ म्हणजे ‘उजळणं’ हे फार लहानपणी मनात बसतं. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातला ‘फेअर’ गेला. डबीवरचं नाव बदललं. माझ्या खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या आईचं वाक्य मात्र बदललेलं नाही: “ताई, दोन नंबर वरचा बेस लावा, सासरची मंडळी येणार आहेत.” मी म्हणते, “काकू, आधी दारात या.”

दारात का, ते सांगते. फाउंडेशनची शेड ट्यूबलाइटखाली किंवा रिंगलाइटपुढे ठरवता येत नाही. मनगटावर लावूनही उपयोग नाही, कारण मनगटाचा रंग वेगळा असतो. मी जबड्याच्या कडेला, जिथे गाल संपून मान सुरू होते तिथे, जवळजवळच्या तीन शेडचे उभे पट्टे ओढते आणि मुलीला दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवते. बरीच फाउंडेशनं लावल्यावर थोडी गडद होतात. मग तिला दिवसाच्या उजेडात उभी करते. जो पट्टा दिसेनासा होतो, ती तिची शेड. सावळ्या, गव्हाळ चेहऱ्यात पिवळी किंवा तांबूस झाक असते. त्यावर फिकट, गुलाबीसर बेस लावला की चेहरा उजळत नाही, राखाडी पडतो. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये तोंड पांढरं आणि मान, हात सावळे, असे फोटो प्रत्येकीने पाहिलेत. तिसरा पट्टा नाहीसा झालेला पाहिला की काकू गप्प होतात. मग म्हणतात, “अगं बाई, हीच छान दिसतीय की.” सावळ्या मुलीला तिच्या रंगाची शेड लावून आरसा दिला की तिचा चेहरा असा उघडतो की आजूबाजूच्या बायकाही मान वळवून बघतात.

म्हणून माझा आग्रह आहे, की वस्तू निवडताना आधी आपला रंग आहे तसा मान्य करावा. तो बदलायला निघालं की हातात औषधच येतं, आणि मग ‘सूट’ होण्याची गोष्टच उरत नाही.

त्वचा तेलकट की कोरडी, हे ओळखायला मशीन लागत नाही. सौम्य फेसवॉशने तोंड धुवावं, तासभर काहीही लावू नये, मग टिश्यू कपाळावर, नाकावर, गालांवर टेकवून बघावं. कागद कुठे तेलकट होतो आणि कातडी कुठे ताणल्यासारखी वाटते, यावरून बरंच कळतं. मात्र हा निकाल कायमचा नसतो. बार्शीची मुलगी मुंबईच्या दमट हवेत जेल लावून मजेत असते. तीच जानेवारीत घरी येऊन बोअरच्या क्षाराच्या पाण्याने तोंड धुते, तेव्हा तिला घट्ट क्रीमच लागतं. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच) पाचच्या आसपास असतो. साध्या साबणाचा नऊ-दहा. त्यामुळे अंगाचा साबण चेहऱ्याला लावून वर महागडं सीरम चोळण्यात पैसे वाया जातात. लिंबू तर दुसऱ्या टोकाचं, सामू दोनच्या जवळपास. लिंबू चोळून उन्हात गेलं तर डाग पडतात, भाजल्यासारखे फोडही येतात. ‘घरगुती आहे, काय होणार?’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ग्लिसरीन किंवा साधी पेट्रोलियम जेली स्वस्त असते, आणि कोरड्या त्वचेला छान चालते.

वांगासाठी येणाऱ्या बायकांना मी क्रीमच्या आधी उन्हाबद्दल विचारते. सनस्क्रीनवरचा एसपीएफ हा आकडा मुख्यतः कातडी भाजवणाऱ्या किरणांपुरता असतो. दुसऱ्या प्रकारच्या किरणांसाठी ‘पीए’पुढची अधिकची चिन्हं बघायची. सावळ्या त्वचेचं वांग मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतं, आणि तो अडवायला आयर्न ऑक्साइड उपयोगी पडतं. ज्याने फाउंडेशनला रंग येतो, तेच हे. म्हणून वांग असलेल्या बाईने पांढऱ्याऐवजी रंगीत सनस्क्रीन घेतलेलं बरं, तेही आपल्या रंगाशी जुळणारं. आणि शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईला मी सांगते, की पदर पुढे ओढा, वर रुंद काठाची टोपी घाला. घामाने वाहून जाणाऱ्या क्रीमपेक्षा तेच जास्त राखतं.

टिकलीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या बायकांच्या कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग मी पाहिला आहे. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं, ते रंगद्रव्याच्या पेशी मारतं. खाज सुटली, जागा फिकी दिसू लागली, की टिकली त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवावं. लवकर थांबवलं तर रंग परत येण्याची आशा असते. पण बायका काय करतात? डाग लपवायला त्याच्याहून मोठी टिकली लावतात. कुंकवातल्या कृत्रिम रंगांनीही कपाळ काळवंडतं. हळद आणि चुन्याचं कुंकू मिळालं तर तेच घ्यावं. केस काळे करणाऱ्या डायमध्ये आणि बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’त पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याने कुणाकुणाचे डोळे मिटण्याइतका चेहरा सुजतो. डाय लावण्याआधी कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबायचं, असं पाकिटावर लिहिलेलं असतं. सणाच्या आदल्या संध्याकाळी डाय आणलं तर हे कसं जमणार?

नवीन क्रीमही असंच जोखावं. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर आठवडाभर दिवसातून दोनदा लावावं. खाज, पुरळ, लाली काही नसेल तर मग चेहऱ्यावर. आणि एका वेळी एकच वस्तू सुरू करावी. चार बाटल्या एकदम उघडल्या आणि चेहरा बिघडला, तर कशामुळे हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. ‘डॉक्टरांनी तपासलेलं’, ‘नैसर्गिक’ या समोरच्या मोठ्या शब्दांवर मी भरवसा ठेवत नाही. सुगंध हे ॲलर्जीचं नेहमीचं कारण असतं, आणि तो नैसर्गिक फुलांचा असला तरी असतो. मागच्या बाजूची घटकांची यादी वाचावी.

पण ती यादी वाचणार कोण? तीन-चार मिलिमीटरच्या पट्टीत बसवलेलं इंग्रजी माझ्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकींना वाचता येत नाही, आणि हा काही त्यांचा दोष नाही. लाल रेघेचा अर्थ त्यांना कुणी सांगितलेला नाही. अन्न व औषध प्रशासनाने लग्नसराईच्या आधी औषध दुकानांत चिठ्ठीची तपासणी करावी, आठवडी बाजारातल्या आणि पार्लरमधल्या बिनलेबलच्या डब्यांचे नमुने घ्यावेत. आणि स्टेरॉइड असलेल्या प्रत्येक मलमावर मराठीत लिहिलेलं असावं: ‘हे औषध आहे. गोरं होण्यासाठी चेहऱ्यावर लावू नका.’ ट्यूब लहान आहे, जागा नाही, असं कंपन्या म्हणतील. मग खोक्याच्या दर्शनी बाजूवर, कंपनीच्या नावाएवढ्या अक्षरांत छापावं.