स्टेशन आला की आले?

मागील महिन्यात नातवाला घेऊन बहादरपुराहून बुऱ्हाणपूरच्या स्टेशनावर गेलो होतो. रिक्षा वळताच तो आनंदाने ओरडला, "आजोबा, स्टेशन आला!"

"आला नव्हे रे, आले," मी सवयीने म्हणालो.

"का?"

त्याची शाळा हिंदी. प्रश्न रास्त होता आणि उत्तर मला चटकन सुचेना. घरी येऊन शब्दकोश उघडला.

इंग्रजीत 'स्टेशन' या शब्दाला व्याकरणाचे लिंगच नाही. तो फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. तेथे तो स्त्रीलिंगी होता व त्याचा मूळ अर्थ उभे राहणे, उभे राहण्याची जागा. आपला 'स्था' धातू त्याच कुळातला. म्हणजे स्थान, स्थानक, ठाणे ही सारी या पाहुण्याची चुलत भावंडेच! १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ज्या ठाण्यास पोहोचली, त्या गावाचे नावही 'स्थानक' या शब्दातूनच आले आहे. पोलिसांचे ते ठाणे, गाडीचे ते स्टेशन. ठाणे, ठिकाण, गाव यांच्या पंक्तीस बसल्यामुळेच मराठीने त्याला नपुंसकलिंग दिले असावे, असे मला वाटते.

हिंदीत लिंगे दोनच. संस्कृतातील नपुंसकलिंगी शब्द तेथे बहुतेक पुल्लिंगात गेले. मराठीने व गुजरातीने मात्र तिसरे लिंग राखले. आमच्या शेजारच्या गुजराती घरात आजही 'स्टेशन आव्युं' असेच ऐकू येते.

एकट्या स्टेशनासाठी मी एवढे मनाला लावून घेतले नसते. परका शब्द, दोन्हीकडे नांदेल. पण आता आमच्या घरांतून 'घर मोठा आहे', 'पाणी आला' असेही कानी येते. रावेर ते बुऱ्हाणपूर अंतर ते केवढे! तेवढ्यात 'ते'चा 'तो' होतो. आणि आपण वडीलधारी माणसे हसून सोडून देतो. मीही कितीदा दिले आहे.

रात्री नातवाला हे सारे सांगितले. तो विचारात पडला. "आजोबा, मग मूल?"

"तेही ते. ते मूल, ते पोर, ते लेकरू."

"म्हणजे मी स्टेशनासारखा?"

"सारखा," म्हणालो, आणि दोघेही हसत सुटलो.