बाक काढला की चौक सुधारतो?

आमच्या इमारतीखालच्या चौकातले तीनही बाक गेल्या वर्षी काढून नेले. कारण विचारलं, तर उत्तर मिळालं, "तिथे पोरं बसतात."

बाकावर दुसरं काय करायचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

मी ॲम्स्टरडॅमच्या पश्चिमेला, स्लोटरमेर भागात भाड्याच्या घरात राहते. पर्यटक इकडे फिरकत नाहीत. कालवे आणि उतरत्या छपरांची घरं दूर राहतात. इथे चार मजली, सरळसोट इमारतींच्या रांगा आणि मध्ये हिरवळीचे पट्टे. कॉर्नेलिस व्हान एस्टरेन या नगररचनाकाराच्या आराखड्याला शहराने 1935 साली मान्यता दिली, मग युद्ध आलं, आणि स्लोटरमेरचं उद्घाटन राणी युलियानाच्या हस्ते व्हायला 1952 उजाडलं. उजेड, हवा आणि मोकळी जागा, हा त्या पिढीचा मंत्र होता. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत वाढलेल्या कामगारांसाठी ती चैन नव्हती, हक्क होता. त्या मंत्राची टिंगल मी करणार नाही.

पण मोकळी जागा आखणं सोपं असतं. ती वापरणार कोण, सांभाळणार कोण, हे आराखड्यात लिहिलेलं नसतं. सत्तर वर्षांत इथली माणसं बदलली. मोरोक्को, तुर्कस्तान, सुरिनाम आणि आता भारतातूनही लोक आले. घरं छोटी, कुटुंबं मोठी. साहजिकच पोरं खाली उतरतात. आणि मग चौक "बिघडलेला" ठरतो.

तो सुधारायचा म्हणून रहिवाशांची बैठक बोलावली. कॉफी होती, बिस्किटं होती, भिंतीवर तीन सुंदर संकल्पचित्रं होती. प्रत्येकाला हिरवे गोल स्टिकर दिले: आवडेल त्या चित्रावर चिकटवा. चित्रांत रंगीत फरशी होती, उंच गवत होतं, फुगा धरलेली एक मुलगी होती. बाक एकाही चित्रात नव्हता. शेजारच्या मोरोक्कन आजींनी नातवाकरवी विचारलं, "मी बसू कुठे?" समोरचे गृहस्थ नम्रपणे हसले आणि म्हणाले, हा मुद्दा आम्ही नोंदवून घेतो.

याला सहभाग म्हणायचं? प्रश्न आधीच ठरवून उत्तरांवर टिकल्या लावायला सांगणं म्हणजे सहभाग नाही.

राग याचा जास्त येतो, की याच शहराला हे काम नीट करता येत होतं. 1947 मध्ये इथल्या नगररचना विभागात याकोबा मुल्डर ही वास्तुविशारद काम करत होती. तिच्या विभागातल्या आल्डो व्हान आइक या तरुणाने बेर्टेलमानप्लाइन नावाच्या छोट्या चौकात पोरांसाठी खेळाची जागा केली. रुंद कठड्याचा वाळूचा हौद, उड्या मारायला काँक्रीटचे गोल ठोकळे, लोंबकळायला नळ्यांच्या कमानी, झाडं आणि हो, बाक. बस्स. ते पाहून इतर वस्त्यांतले लोक पत्रं लिहू लागले: आमच्याकडेही अशी जागा रिकामी पडली आहे. 1978 पर्यंत अशा सातशेहून जास्त जागा झाल्या. त्यांतल्या काही युद्धात उजाड झालेल्या ज्यू वस्तीच्या रिकाम्या भूखंडांवर होत्या. तिथली माणसं नाझींनी नेली होती आणि 1944-45च्या उपासमारीच्या हिवाळ्यात त्यांच्या घरांची लाकडं सरपणासाठी निघाली होती. अशा जागी पुन्हा पोरांचा आवाज यावा, ही साधी गोष्ट नव्हती.

व्हान आइकच्या जागांना कुंपण नव्हतं. हत्तीच्या आकाराची घसरगुंडी नव्हती. कमान म्हणजे घर, तंबू की घोडा, हे पोरांनी ठरवायचं. आणि हौदाचा कठडा रुंद असल्यामुळे त्यावर आईही टेकायची, आजीही.

यावर एक आक्षेप येतो: ते दिवस गेले; आता भांडणं होतात, नशेचे व्यवहार होतात, लोक घाबरतात. भीती खरी आहे, हे मला मान्य. रात्री एकटीने चौक ओलांडताना मीही पावलं उचलते. पण बाक गेल्यावर पोरं गेली नाहीत, ती जिन्यात बसू लागली. गेल्या त्या आजी. ज्यांच्या नजरेमुळे चौक सुरक्षित होता, नेमकी तीच माणसं आपण हटवली.

दुसरा आक्षेप असा, की मग नव्या रचना करायच्याच नाहीत का? करा ना! रॉटरडॅमला जाऊन दोन चौक बघा. स्खाउबुर्खप्लाइन 1996 मध्ये नव्याने घडवला. बंदरातल्या क्रेनसारखे प्रचंड लाल दिवे, उंचावलेला मंच. फोटो अप्रतिम येतो. पण कार्यक्रम नसलेल्या दुपारी मी तिथे गेले, तेव्हा वारा होता आणि मी होते. तिथून फार दूर नाही तो बेंथेमप्लाइन, 2013चा. तिथे आजूबाजूच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना आणि रहिवाशांना आराखड्याआधीच बसवून विचारलं होतं. तीन हौद केले. एरवी त्यांत बास्केटबॉल आणि स्केटिंग, मुसळधार पावसात तेच सुमारे 17 लाख लिटर पाणी धरून ठेवतात. चढायला-उतरायला पायऱ्या, त्याच बसायलाही. नवं असणं हा गुन्हा नाही. कुणाला विचारलं आणि कधी विचारलं, हा प्रश्न आहे.

मी वाढले त्या मराठीत 'चौक' हा शब्द वाड्याच्या पोटातल्या अंगणासाठी होता: धान्य वाळत घालायला, पोरं खेळायला, बायका बोलायला. आता चौक म्हटलं की सिग्नल डोळ्यांसमोर येतो, आणि 'सुशोभीकरण' म्हटलं की जाळीच्या आत कुलूपबंद कारंजं. त्यामुळे इथल्या संकल्पचित्रांना मी भुलत नाही. कुलूप मला ओळखीचं आहे.

माझी मागणी छोटी आहे. आधी बाक परत आणा. मग महिनाभर कुणी कधी बसतं, ते रोज येऊन बघा: सकाळी, शाळा सुटल्यावर, रात्री दहाला. पोरांना बोलवा, त्यांच्याबद्दल बोलता, तर त्यांच्याशीही बोला. त्यानंतर चित्र काढा. आणि तुटलेली फरशी कोण, किती दिवसांत बदलणार, हे त्याच चित्राखाली लिहा.

पुढची बैठक महिन्याभरात आहे. या वेळी मी स्टिकर घेणार नाही. आम्ही एकोणीस घरांनी मिळून पत्र लिहिलं आहे. आजींनी पहिली सही केली. त्या हल्ली चौकात बसायला घरून घडीची खुर्ची आणतात आणि दोन जिने परत चढवून नेतात.