रापलेल्या कातडीचे राजकारण

समुद्रकिनाऱ्यावर उघड्या अंगाने तासन्‌तास पडून कातडी रापवून घेण्यापेक्षा बाटलीतील द्रव्य अंगाला चोळून तोच रंग मिळवावा, असा सल्ला पाश्चात्त्य देशांतील त्वचारोगतज्ज्ञ देत असतात. शास्त्रीय दृष्ट्या हा सल्ला चुकीचा नाही. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे त्वचेचा कर्करोग होतो, हे निर्विवाद आहे. विजेच्या दिव्यांखाली कातडी रापवणारी यंत्रे २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्ककारकांच्या पहिल्या गटात टाकली. बाटलीतील रंगाचे मुख्य द्रव्य डायहायड्रॉक्सीॲसिटोन हे शर्करावर्गीय आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरातील अमिनो आम्लांशी त्याचा संयोग होऊन तपकिरी छटा येते आणि तो थर झडला की आठवडाभरात ती ओसरते. मात्र हा रंग उन्हापासून संरक्षण देत नाही. त्याच्या भरवशावर उन्हात जाणारा गोरा माणूस पूर्वीइतकाच भाजतो.

परंतु सूर्यस्नानाला पर्याय कोणता, हा प्रश्न घेऊन कोणी यवतमाळ जिल्ह्यात आले, तर त्याला काय उत्तर मिळेल? पांढरकवडा, घाटंजी, राळेगाव, उमरखेड या भागांतील शेतमजूर बायांना सूर्यस्नान विकत घ्यावे लागत नाही. निंदणापासून वेचणीपर्यंत ते त्यांच्या मजुरीतच अंतर्भूत आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, नवतपात रस्ते ओस पडतात, तरीही रस्त्याच्या कामावर खडी फोडणारे, वीटभट्टीवर राबणारे हात थांबत नाहीत. त्यांची कातडी रापते ती हौसेने नव्हे. आणि तिच्याकडे कौतुकाने कोणी पाहत नाही.

एकच रापलेला रंग एका ठिकाणी प्रतिष्ठा देतो आणि दुसऱ्या ठिकाणी अवहेलना, याचे कारण रंगात नाही, श्रमविभागणीत आहे. युरोपातही शेतकरी उन्हात राबत होता तोवर उमराव स्त्रिया छत्र्या आणि बुरखे वापरून पांढुरकेपणा जपत. कामगार कारखान्याच्या आणि खाणीच्या अंधारात गेला, तेव्हा पांढरा चेहरा दारिद्र्याची खूण ठरला आणि रापलेली कातडी फुरसतीची. १९३६ साली फ्रान्समध्ये लेआँ ब्लूम यांच्या जनआघाडी सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळवून दिली, तेव्हा सामान्य कामगारांची कुटुंबे प्रथमच मोठ्या संख्येने समुद्रकिनाऱ्यावर पोचली. ऊन हा तेथे विश्रांतीचा हक्क झाला. विदर्भातील मजुराला ऊन मिळाले, विश्रांती मिळाली नाही.

म्हणून येथे बाटली विकली जाते ती उलट्या रंगाची. १९७५ साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध मलमाने गोरेपणाचे नाव २०२० मध्ये टाकले; पण वधू-वर सूचक जाहिरातींतून ‘गोरी, सडपातळ’ हे शब्द गेले नाहीत. मुलगी सावळी असेल तर हुंड्याचा आकडा वाढतो, हा हिशेब ज्या घरात मांडला जातो, त्या घराने मजुरीतून वाचवलेले पैसे मलमावर घातले तर त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तो खर्च सौंदर्याचा नसून भीतीचा आहे.

या भीतीची किंमत केवळ पैशांत मोजली जात नाही. यवतमाळपासून फार दूर नसलेल्या अकोल्यातील एका कुटुंबातील आई व दोन मुलींच्या मूत्रपिंडांना २०२२ मध्ये गंभीर इजा झाली. तिघीही स्थानिक सौंदर्यप्रसाधिकेकडून घेतलेले गोरेपणाचे मलम वापरत होत्या. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाने केलेल्या तपासात त्या मलमात पारा आढळला. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले; त्यांपैकी १५ जणांमध्ये विकाराचा एक विशिष्ट, एरवी विरळ आढळणारा प्रकार दिसला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची मलमे वापरत होते. पारा त्वचेतील मेलॅनिनची निर्मिती रोखतो आणि त्वचेवाटे रक्तात शिरतो. सावळ्या कातडीतील मेलॅनिन हेच अतिनील किरणांविरुद्धचे नैसर्गिक कवच आहे. ज्या मुलीला उद्या पुन्हा उन्हात जायचे आहे, तिचे कवच पैसे घेऊन काढून नेणारा हा व्यापार आहे.

कातडीवाटे विष शरीरात जाते हे यवतमाळ जिल्ह्याला नव्याने सांगावे लागत नाही. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. संरक्षक पोशाख नव्हता, आणि असता तरी त्या उकाड्यात तो अंगावर सहन होणे अवघड होते. तेव्हाही मजुरांनी काळजी घेतली नाही, असे म्हणून दोष मृतांच्या माथी मारण्याचा प्रयत्न झाला. मलमाच्या बाबतीतही उद्या मुलींच्या अज्ञानाकडे बोट दाखवले जाईल.

रंगाची निवड हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, असा युक्तिवाद केला जातो. युरोपातील बाईने बाटली वापरावी की नाही, हा खरोखरच तिचा प्रश्न आहे. पण जेथे रंगावर लग्न, हुंडा आणि नोकरी ठरते, तेथे निवड हा शब्द सक्तीला दिलेले सभ्य नाव ठरतो.

कायद्यांची वाण नाही. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी पाऱ्यावर कडक मर्यादा घातली. करारातील देशांनी २०२३ मध्ये पारायुक्त प्रसाधने २०२५ पर्यंत पूर्णपणे बंद करण्याचे ठरवले. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. अन्न व औषध प्रशासनाने आठवडी बाजारातील आणि पार्लरमधील बेनामी डब्यांचे नमुने नियमित तपासावेत व निष्कर्ष गावोगाव जाहीर करावेत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मूत्रपिंडाच्या रुग्णाला मलमाविषयी विचारले जावे. आणि मे महिन्यात दुपारचे काम मजुरी न कापता थांबले पाहिजे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात पाणी, मुलांसाठी सावली आणि विश्रांतीची तरतूद होती. सावली ही चैन नाही, हे त्या कायद्याने मान्य केले होते. तेवढे तरी शेतमालकांना, ठेकेदारांना आणि शासनाला मान्य करायला लावणे, हे यवतमाळमधील कष्टकऱ्यांच्या संघटनांचे तातडीचे काम आहे.