गणित कागदावर, वाफ कामगाराच्या अंगावर!



९ ऑगस्ट २००४. जपानच्या मिहामा अणुवीज केंद्रात तिसऱ्या युनिटच्या टर्बाइन इमारतीतला पाइप फुटला. उकळत्या पाण्याने आणि वाफेने पाच कामगारांचा बळी घेतला, सहा जखमी झाले. सारे कंत्राटी!

पाइप का फुटला? ऑक्सिजन कमी असलेले गरम पाणी वेगाने वाहू लागले, की पोलादावरचा ऑक्साइडचा संरक्षक थर विरघळत जातो आणि पाइप आतून झिजतो. १० मिलिमीटरची भिंत काही ठिकाणी दीड मिलिमीटरच्याही खाली आली होती. यात दैवाचा खेळ नाही. अमेरिकेतील सरी केंद्रात डिसेंबर १९८६ मध्ये असेच चार कामगार गेले. त्यानंतर तापमान, वेग, पीएच, पोलादातील क्रोमियम यांवरून झीज वर्तवणारे संगणकीय हिशेब तयार झाले.

पण हिशेब फक्त कुठे पाहायचे ते सांगतो. मोजायला माणूसच लागतो. मिहामाचा हा भाग तपासणीच्या यादीतूनच सुटला होता. १९७६ पासून २८ वर्षे त्याची जाडी कोणी मोजली नाही. आणि अणुभट्टी चालू असतानाच, पुढच्या बंदच्या तयारीसाठी, कामगारांना आत धाडले!

रुळाची झीज पाहणाऱ्या ट्रॅकमनला हे वेगळे सांगायला नको. संगणक आला, आता माणसे कमी करा, काम कंत्राटावर द्या, हा युक्तिवाद आपल्यालाही ऐकवला जातो. आपले उत्तर ठाम हवे: तपासणीची यादी संघटनेपुढे उघडी करा, धोक्याचे काम नाकारण्याचा हक्क कंत्राटी कामगारालाही द्या!

कामगार एकजुटीचा विजय असो!