विष आणि उतारा : वाट एकच

गेल्या भाद्रपदांत गवत कापतांना आमच्या एका तरुण गड्याच्या पायास फुरसें डसलें. रत्नागिरीच्या कातळावर हें हातभर जनावर ठाऊक नाहीं असें घर नाहीं. वडील मंडळींनीं मांत्रिकाचें नांव काढलें; परंतु आमच्या कुटुंबानें कोणाचें न ऐकतां त्यास गाडींत घालून रुग्णालयांत धाडलें. तेथें त्याचें रक्त कांचेच्या नळींत २० मिनिटें ठेविलें. तें गोठलें नाहीं. तेव्हां प्रतिविष देण्यांत आलें व चौथ्या दिवशीं तो सुखरूप परतला. त्या रात्रीं नातवानें विचारलें, "आजोबा, हें विष त्या फुरशालाच कसें बाधत नाहीं?"

वाचकहो, विष म्हणजे मुख्यतः प्रथिनेंच. विषग्रंथीच्या पेशींत रायबोसोमवर प्रथिनाची माळ गुंफली जात असतांच तिच्या अग्रभागीं एक खूण येते. ती ओळखून माळ आंतर्द्रव्यजालिका नामक पडद्यांच्या जाळ्यांत ओढली जाते. ही खूण दाखविणारे ग्युंटर ब्लोबेल यांस १९९९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. जाळ्यांत माळेस योग्य घडी पडते; घडी चुकल्यास तिला पुढें सोडीत नाहींत. तेथून इवल्या पिशवींत बसून ती गॉल्जी संकुलांत जाते, आणि दुसऱ्या पिशवींतून पेशीच्या सीमेवर. पिशवीचा पडदा सीमेच्या पडद्याशीं एकजीव झाला कीं माल बाहेर!

जॉर्ज पॅलेड व जेमीसन यांनीं १९६७ सालीं गिनीपिगच्या स्वादुपिंडांत किरणोत्सारी खुणेच्या साह्यानें ही यात्रा मोजली : ३ मिनिटांनीं जाळ्यांत, सुमारें २० मिनिटांनीं गॉल्जीच्या परिसरांत, सुमारें दोन तासांनीं साठवणीच्या पिशव्यांत. पॅलेड यांस १९७४ सालीं नोबेल लाभलें. सारांश, विष घडतांनाच पडद्याआड जातें. पेशीच्या अंतरंगास तें शिवत नाहीं. नातवाच्या प्रश्नाचें एक उत्तर हें.

आतां उताऱ्याकडे वळूं. घोड्यास विषाच्या अल्प मात्रा टोचल्या म्हणजे त्याच्या शरीरांतील कांहीं पेशी विषास जखडणारीं प्रतिपिंडें बनवितात. परळच्या हाफकिन संस्थेनें याच रीतीनें प्रतिविष तयार केलें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांवर तें एकच चालतें. हीं प्रतिपिंडेंहि त्याच जाळ्यांतून, त्याच गॉल्जींतून, तशाच पिशव्यांतून बाहेर पडतात. समुद्रमंथनांतून हलाहल व अमृत दोन्ही निघालीं, तसेंच हें.

परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. प्रतिविष रक्तांतील विषास आवरतें. नष्ट झालेलीं, रक्त गोठविणारीं प्रथिनें तें परत देत नाहीं. तीं यकृताच्या पेशींनीं नव्यानें घडवून याच वाटेनें रक्तांत सोडावीं लागतात, व त्यास सुमारें सहा तास लागतात. ती वाट कोणाच्याहि मंत्रानें आंखूड होत नाहीं. म्हणून दंश झाल्यावर चिरा देऊं नये, आवळून बांधूं नये. अवयव स्थिर ठेवून रोग्यास तडक रुग्णालयांत न्यावें. आमच्या घरांत हें शहाणपण त्या दिवशीं एकीसच सुचलें, हें आम्ही कबूल करतों.