मालक कामगार, तर संप कोणाविरुद्ध?

भांडवलशाहीत कामगारांच्या संपाला साम्यवादी विचारसरणी मानाचे स्थान देते. कामगारांचे राज्य आल्यावर मात्र त्याच संपाला ती जागा ठेवीत नाही. यामागील युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे. कारखाने, खाणी, बँका समाजाच्या मालकीच्या झाल्या की कामगार स्वतःच मालक होतो. आणि मालकाने स्वतःविरुद्ध संप पुकारणे ही उघड विसंगती होय. विसाव्या शतकात निम्म्या युरोपातील राज्ययंत्रणा या गृहीतावर उभी होती. म्हणूनच साम्यवादाचा सिद्धांत आणि व्यवहार यांतील अंतर मोजावयाचे असेल, तर पोलादाच्या उत्पादनाच्या आकड्यांपेक्षा त्या राजवटींतील संपांकडे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

सिद्धांताला न्याय द्यावयाचा, तर त्यात नोकरशाहीचे स्तोम कोठेच नव्हते हे मान्य केले पाहिजे. १८७१ च्या पॅरिस कम्यूनविषयी लिहिताना मार्क्सने निवडून आलेल्या, केव्हाही परत बोलावता येणाऱ्या आणि कामगाराइतकेच वेतन घेणाऱ्या अधिकाऱ्यांचा गौरव केला होता. १९१७ साली अज्ञातवासात लिहिलेल्या ‘राज्य आणि क्रांती’ या ग्रंथात लेनिननेही हाच आदर्श पुढे ठेवला आणि राज्यसंस्था कालांतराने गळून पडेल, अशी ग्वाही दिली. क्रांतीनंतर काही आठवड्यांतच कारखान्यांवर कामगारांचे नियंत्रण आणणारा हुकूम निघाला. परंतु पुढल्याच वर्षी उपासमार आणि बंद पडणारे कारखाने पाहून लेनिनने एकाच व्यवस्थापकाच्या हाती सर्व अधिकार देण्याचा आग्रह धरला. संकट खरे होते, यात शंका नाही. पण मार्च १९२१ मध्ये, यादवी युद्ध बव्हंशी जिंकल्यानंतर भरलेल्या पक्षाच्या दहाव्या अधिवेशनात, उद्योगांचा कारभार कामगार संघटनांकडे सोपवावा ही श्ल्यापनिकोव आणि कोलोन्ताय यांच्या गटाची मागणी फेटाळण्यात आली. एवढेच नव्हे, तर पक्षांतर्गत गटांवरच बंदी घालण्यात आली. श्ल्यापनिकोव हा स्वतः धातुकामगार आणि क्रांतीनंतरचा पहिला कामगारमंत्री. १९३७ साली स्टालिनच्या राजवटीने त्याला मृत्युदंड दिला. संकट ओसरले, संकटकाळासाठी घेतलेले अधिकार मात्र परत आले नाहीत.

येथे ‘मालकी’ या शब्दाचा अर्थ तपासणे आवश्यक आहे. व्यवस्थापक कोणी नेमावयाचा, काय आणि किती तयार करावयाचे, शिल्लक कोठे गुंतवावयाची, हे ठरविण्याचा अधिकार म्हणजे मालकी. हे सारे अधिकार मंत्रालयाकडे, आणि मंत्रालयाच्या मागे असलेल्या पक्षाकडे गेले. कामगाराच्या वाट्याला पूर्वीप्रमाणेच वेतन आले. पूर्वी निदान मालकाविरुद्ध उघडपणे भांडता येत असे, ती वाट तेवढी बंद झाली.

पोलंडमध्ये ही वाट कामगारांनी पुनःपुन्हा उघडण्याचा प्रयत्न केला. १९५६ साली पोझ्नान, १९७० साली ग्दान्स्क आणि बाल्टिक किनाऱ्यावरील इतर शहरे, १९७६ साली रादोम येथे कामगार रस्त्यावर उतरले. पहिल्या दोन वेळा गोळीबारही झाला. १ जुलै १९८० रोजी मांसाच्या किमती वाढल्या आणि संपांची नवी लाट उसळली. ग्दान्स्कच्या लेनिन गोदीत आना वालेन्तिनोविच ही क्रेन चालविणारी महिला निवृत्तीला काही महिने उरले असताना बडतर्फ झाली. तिला कामावर परत घ्यावे या मागणीसाठी १४ ऑगस्ट रोजी गोदी बंद पडली.

त्यानंतर संपसमितीने मांडलेल्या २१ मागण्यांची यादी आजही वाचण्याजोगी आहे. पक्षापासून आणि मालकापासून स्वतंत्र असलेली कामगार संघटना, संपाचा हक्क, व्यवस्थापकांची नेमणूक पक्षसदस्यत्वावरून न होता पात्रतेवरून व्हावी, पोलीस आणि पक्षाच्या अधिकाऱ्यांच्या खास सवलती रद्द व्हाव्यात, पाळणाघरे वाढवावीत, घरासाठी करावी लागणारी प्रतीक्षा कमी व्हावी, अशा त्या मागण्या होत्या. गोदी खासगी मालकाला विकावी, असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही. उलट ३१ ऑगस्टच्या करारात राज्यातील पक्षाचे अग्रस्थान संपवाल्यांनी मान्यही केले होते. समाजवादाने जे आश्वासन दिले होते, तेच कामगार समाजवादी सरकारकडे मागत होते. ‘सॉलिडॅरिटी’ची सदस्यसंख्या एक कोटीच्या घरात गेली. यावर सरकारचे अखेरचे उत्तर आले ते १३ डिसेंबर १९८१ रोजी पुकारलेल्या लष्करी कायद्याच्या रूपाने. तीनच दिवसांनी वुयेक येथील कोळसा खाणीत संपावर बसलेल्या नऊ कामगारांचा गोळीबारात बळी गेला.

पोलंडवर परकीय कर्जाचा बोजा होता, सोव्हिएत हस्तक्षेपाची भीती होती, हे जनरल यारुझेल्स्की यांच्या समर्थकांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नाही. परंतु ते कर्ज काढताना, किंवा त्यावर कोणते कारखाने उभारावयाचे हे ठरविताना, ‘मालका’ला कोणी विचारले नव्हते. आणि १९८९ च्या निवडणुकीनंतर जे घडले, त्यानेही कामगारांचे स्वप्न पुरे झाले नाही. १९९० पासून बाजारपेठेचे धोरण आले, १९९३ अखेर बेकारी १६ टक्क्यांच्या घरात गेली, आणि १९९६ साली ती गोदीच दिवाळखोर ठरली. तेव्हा या कहाणीवरून भांडवलशाहीचा विजयोत्सव करण्याचे कारण नाही. फरक एवढाच की, त्या धोरणाचा राग मतपेटीतून व्यक्त करता येत होता. १९९३ साली मतदारांनी तो केलाही.

हा फरक किती मोलाचा आहे, हे पाहण्यासाठी भारताबाहेर जाण्याचेही कारण नाही. त्याच मार्क्सला प्रमाण मानणारी डावी आघाडी १९७७ साली पश्चिम बंगालमध्ये निवडणुकीने सत्तेवर आली. ‘ऑपरेशन बर्गा’खाली तिने सुमारे १४ लाख बटाईदार कुळांची नोंद केली आणि त्यांच्या कसण्याच्या हक्काला संरक्षण दिले. शेतकऱ्यांची बाजू घेणाऱ्या याच आघाडीच्या राजवटीत १४ मार्च २००७ रोजी नंदिग्राम येथे भूसंपादनाला विरोध करणाऱ्या ग्रामस्थांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. १४ माणसे दगावली. सत्तेचा मद तेथेही चढला होता. पण पुढल्या वर्षी पंचायत निवडणुकीत पूर्व मेदिनीपूरची जिल्हा परिषद आघाडीच्या हातून गेली आणि २०११ साली, ३४ वर्षांनंतर, तिला सत्ता सोडावी लागली. त्यासाठी लष्करी कायदा लागला नाही, की राज्यव्यवस्था उलथावी लागली नाही.

साम्यवादी माणसे वाईट निघाली म्हणून प्रयोग फसला, हे स्पष्टीकरण जितके अपुरे, तितकेच सिद्धांत उत्तम होता, अंमल चुकला हेही. कामगारांच्या वतीने बोलणारा पक्ष कामगारांविरुद्ध गेला तर काय करावयाचे, या प्रश्नाची तरतूदच त्या सिद्धांतात केलेली नव्हती. विषमता वाढत असता समाजवादी विचाराची गरज संपलेली नाही. परंतु यापुढे जो कोणी कष्टकऱ्यांना मालक करण्याचे वचन देईल, त्याला प्रथम हे विचारले पाहिजे, की त्या मालकाला कारभारी बदलता येईल काय? ‘होय’ म्हणण्याची ज्याची तयारी नसेल, त्याच्या हाती कारखान्याच्या किल्ल्या देऊ नयेत.