बोअर मारताना खाली काय चाललंय, ते मोजतं कोण?

मंडळी, पोस्ट थोडी मोठी आहे, पण पाण्याची आहे. वाचा.

मध्यंतरी मुलुंडला आमच्या सोसायटीत बोअर मारली. २१० फुटांवर हॅमर अडकला. दीड दिवस ओढाओढ चालली, शेवटी रॉड तुटला आणि हॅमर खालीच राहिला. मी ऑपरेटरला विचारलं, रॉडवर ताण किती येत होता? तो म्हणाला, "साहेब, आवाजावरून कळतं." त्याच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, या वेळी नाही कळलं.

प्रश्न आमच्या पैशांपुरता असता तर लिहिलं नसतं. पण आठवा, ठाण्यात बोअर मारताना मुंबईला पाणी आणणाऱ्या जलबोगद्यालाच भोक पडलं होतं. साडेपाच मीटर व्यासाचा, १५ किलोमीटर लांबीचा बोगदा! त्याच्या दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून १५ टक्के पाणीकपात आपण सोसली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला अंधेरीत सीप्झजवळ मेट्रोच्या कामात ड्रिलिंग करताना वेरावली जलाशयाची १८०० मिलिमीटरची जलवाहिनी फुटली. अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत लोक टँकरच्या मागे धावत होते.

आता मोजण्याचं बघू. पोलादी रॉडवर ताण किंवा पीळ आला की तो केसाएवढा का होईना, लांबतो, पिळतो. त्यावर चिकटवलेल्या पातळ धातूच्या पट्टीचा विद्युतरोध तेवढ्यानेच बदलतो. याला स्ट्रेन गेज म्हणतात. त्यावरून टोकावर भार किती, पीळ किती ते कळतं. तेलविहिरींमध्ये असे सेन्सर थेट खाली, टोकाजवळ बसवतात, कारण रॉड भोकाच्या भिंतीला घासतो आणि वरचं माप फसवं ठरतं. आपल्याकडचा दगडही फसवाच. कठीण काळ्या बेसॉल्टखाली अचानक मऊ तांबडा थर लागतो आणि हॅमर अडकतो.

आपल्या दोन-तीनशे फुटांच्या बोअरला एवढी महागडी यंत्रणा नको. गाडीवर हवेचा दाब आणि फिरवण्याचा दाब दाखवणारे काटे बहुधा असतातच. फक्त ते आकडे नोंदवले जात नाहीत. खोली मोजतात रॉड मोजून. काट्यांना एक साधं नोंदयंत्र जोडलं तर दर फुटाला दाब किती, वेग किती याचा कागद मिळेल. पीळ वाढायला लागला की थांबता येईल. भांडण झालंच तर पुरावाही राहील.

"खर्च वाढेल," असं गाडीवाले म्हणतील. वाढेल. पण खाली राहिलेल्या हॅमरचा खर्च काय कमी असतो?

आणि एक खरं सांगून टाकतो. नुसत्या गेजने बोगदा वाचत नाही. काटा हलेपर्यंत टोक काँक्रीटला लागलेलं असतं. म्हणून आधी नकाशा, मग बोअर. खाली जलबोगदे आहेत, मेट्रो ३ आहे, गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे होतायत. जमिनीखाली आता गर्दी झालीय.

माझं म्हणणं दोनच गोष्टींचं. भूमिगत बोगद्यांची खात्री केल्याशिवाय परवानगी नको, आणि बोअरची नोंद वॉर्ड ऑफिसात जमा झाल्याशिवाय काम पूर्ण धरायचं नाही.

तुमच्या सोसायटीत बोअरचा ठराव येणार असेल तर कोटेशन बघताना दरासोबत एवढं विचारा: नोंद देणार का? नाही म्हणाला तर दुसरा बघा.